दादा, निळा जरा कमी!

मुंबईत रंगीत उजेड विकत मिळतो. फोर्टात शीटवर, अब्दुल रेहमान स्ट्रीटवर डझनावर आणि अंधेरीत चक्क तासावर! एका वीकएण्डला केलेली ही उजेडाची शॉपिंग...

सीएसएमटीच्या सबवेतून वर आलात आणि बोरा बाजाराच्या गल्ल्यांमध्ये शिरलात की कॅमेऱ्यांचं राज्य सुरू होतं. दारात लटकवलेल्या बॅगा, उघडून ठेवलेल्या पांढऱ्या-चंदेरी अंब्रेला, दोरीने बांधलेले लाइट स्टॅण्डचे गठ्ठे... आणि काउंटरमागे एक शेठ, ज्यांना गिऱ्हाईक उंबऱ्यावर असतानाच त्याचं बजेट कळलेलं असतं.

"वेडिंग की प्रॉडक्ट?" मला विचारण्यात आलं. त्यांच्या लेखी फोटोग्राफीचे प्रकार दोनच.

"जेल हवेत. रंगाचे," मी म्हटलं.

शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि खालच्या खणातून एक पुस्तिका काढून समोर टाकली. हिला स्वॉच बुक म्हणतात. आकार जेमतेम चेकबुकाएवढा, एका टोकाला रिव्हेट ठोकलेला आणि आत पारदर्शक रंगीत पट्ट्याच पट्ट्या. प्रत्येक पट्टीला नंबर आणि नाव. नावं एकेक भन्नाट! काँगो ब्लू, स्टील ब्लू, सर्प्राइज पीच. 'बास्टर्ड अंबर' नावाचाही एक रंग आहे आणि नाटकाच्या रंगमंचावर तो वर्षानुवर्षं अगदी सभ्यपणे उन्हाची ऊब आणण्याचं काम करत आलाय. पट्टीमागच्या कागदावर छोटा आलेख असतो. या रंगातून कुठला उजेड किती आरपार जाईल, त्याचा. कॉलेजात फिजिक्सचे आलेख बघून झोप यायची. हे मात्र मी तिथे उभ्या उभ्या अर्धा तास वाचत बसले.

१८१ नंबरचा काँगो ब्लू दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरला, तर ट्यूब जवळजवळ विझलीच! शंभर भाग उजेड आत गेला तर जेमतेम एखादा भाग बाहेर येतो. इथेच सगळा फंडा लक्षात येतो. जेल उजेडात रंग घालत नाही. नको असलेले रंग अडवतो आणि उरलेला पुढे सोडतो. त्यामुळे रंग जितका गडद, तितका उजेड कमी. म्हणून काँगो ब्लू लावायचा तर मागे दणदणीत ताकदीचा फ्लॅश हवा. फिकट रंगाला साधा फ्लॅशही चालतो.

एकेकाळी हे पडदे खरोखरच जिलेटीनचे असायचे, त्यावरून 'जेल'. आपले नाटक-सिनेमावाले लाइटमन अजूनही 'जिलेटीन'च म्हणतात. आता ते उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे असतात. अख्खा रोल चार फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब! तो घरी नेऊन ठेवायला माझ्याकडे भिंत नाही. सुदैवाने शेठ शीट कापून देतात. मी एक 'फुल सीटीओ' घेतला (हा नारिंगी, त्याचं काम पुढे येईलच), एक गर्द लाल, एक निळा आणि एक समुद्री हिरवट. शेठनी प्रत्येक शीटच्या कोपऱ्यावर मार्करने नंबर लिहिला. "नंबर लिहून ठेवायचा मॅडम. रात्री स्टुडिओत सगळे निळे सारखेच दिसतात."

हे वाचून जायचा बेत केलात तर शनिवारी जा. रविवारी इथली बहुतेक शटर खाली असतात.

दोन शेड उजळ

आता हा रंगांचा सोस कशासाठी, ते सांगते. माझी एक मावसबहीण आहे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते. डोंबिवलीला राहते, ठाण्यात नोकरी करते, उत्तम कमावते, भन्नाट हसते. आणि सावळी आहे. सावळी म्हणजे मॅट्रिमोनी साइटवरच्या ड्रॉपडाउनमध्ये शोधावी लागते, तशी 'गव्हाळ' वगैरे नव्हे. चांगली गडद, मस्त तजेलदार सावळी.

गेल्या वर्षी बायोडेटासाठी तिचे फोटो काढायचे ठरले. मावशी तिला एका स्टुडिओत घेऊन गेली. तिथल्या माणसाने कोणी न सांगताच तिला दोन शेड उजळ करून दिली. फोटो बघून मावशी खूश. ताईने फोटो हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "ही कोण?"

विनोद म्हणून सगळे हसले. पण त्या फोटोवरून दोन स्थळं बघायला आली आणि दोघांच्याही आयांनी दारातच तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, तेव्हा तो विनोद उरला नाही. "मी दार उघडते आणि त्यांना वाटतं फसवलं," ताई मला फोनवर म्हणाली. "मी काही केलेलंच नाही गं. त्या फोटोने केलंय."

एका नामांकित क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला 'फेअर' काढून टाकला. फोटो स्टुडिओंमधल्या स्लायडरपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे!

बरं, यात सगळा दोष त्या स्टुडिओवाल्याचाच, असंही नाही. फोटोग्राफीच्या यंत्रणेतच हे मुरलंय. कोडॅक कंपनी फोटो लॅब्जना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचा फोटो पाठवायची. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर गोरी मॉडेल. तिची त्वचा नीट आली म्हणजे प्रिंट नीट आली! गडद त्वचेचे बारकावे त्या फिल्मवर धड उतरत नसत. त्यात सुधारणेसाठी कंपनी हलली, त्याला एक मोठं कारण होतं फर्निचर आणि चॉकलेट कंपन्यांच्या तक्रारी. त्यांच्या जाहिरातींत गडद लाकूड आणि फिकट लाकूड, डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट वेगळं दिसत नव्हतं. माणसांच्या आधी टेबल-खुर्चीला न्याय मिळाला, म्हणायचं.

आजच्या कॅमेऱ्यातही एक गोची आहेच. त्यातला मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतो आणि समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे, असं धरून चालतो. समोर गडद चेहरा आला की मीटरला वाटतं उजेड कमी पडतोय. मग तो एक्स्पोजर वाढवतो. म्हणजे स्लायडरला हात लागायच्या आधीच तुम्ही अर्धा शेड उजळलेल्या असता!

"तू काढ फोटो," ताई म्हणाली. "माझ्या रंगाचा. आणि जरा रंगीत काढ. सगळ्यांचे असतात तसे गुलाबी-निळे. बायोडेटा म्हणजे काय पासपोर्ट आहे?"

कंदील मार्केट

फोर्टातून निघून मी क्रॉफर्ड मार्केटकडे चालत गेले. नाव बदलून महात्मा जोतिबा फुले मंडई झालं, त्यालाही कितीतरी वर्षं झाली, पण टॅक्सीवाला अजून क्रॉफर्डच ओळखतो. इमारत १८६९ ची. आणि आजच्या आपल्या विषयाला साजेशी गोष्ट म्हणजे, १८८२ मध्ये, विजेचे दिवे लागलेल्या देशातल्या अगदी पहिल्या इमारतींमध्ये ती होती. आंब्याच्या पेट्यांवर तो पहिला विजेचा उजेड पडला असेल तेव्हा काय गंमत झाली असेल!

समोरच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागद मिळतो. लग्नपत्रिकांचा, पतंगांचा, गिफ्ट रॅपिंगचा, शाळेच्या प्रोजेक्टचा. आणि तो, आपल्या सगळ्यांच्या लहानपणीचा, चुरचुर आवाज करणारा रंगीत जिलेटीन पेपर. दहा-वीस रुपयांत रंगांची अख्खी फॅमिली! खरं सांगायचं तर रंगीत लायटिंगचा पहिला धडा आपण सगळ्यांनी याच कागदावर गिरवलाय. दिवाळीच्या आधी बांबूच्या काड्या, खळ, जिलेटीन आणि आत साठचा पिवळा बल्ब. लाल कागदाची बाजू जिन्यावर लाल उजेड टाकायची आणि शेजारच्यांची हिरवी बाजू आपल्या भिंतीवर यायची. माहीमच्या कंदील गल्लीत आजही दिवाळीच्या आधी गेलात तर दोन्ही बाजूंनी असे शेकडो उजेड एकमेकांत मिसळताना दिसतात. मिक्स्ड लायटिंगचा याहून स्वस्त क्लास मुंबईत नाही.

हा कागद फ्लॅशला लावता येतो का? छोट्या फ्लॅशला, आणि थोडा वेळ, हो. एलईडीलाही चालतो. पण स्टुडिओतल्या मोठ्या लाइटमध्ये एक बल्ब सतत जळत असतो. त्याच्या उष्णतेने हा आधी सुरकुततो, मग वितळतो, मग वास येतो. शिवाय एका गठ्ठ्यातला लाल दुसऱ्या गठ्ठ्यातल्या लालशी जुळेल याची खात्री नाही. फोर्टातल्या नंबरवाल्या शीटचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते यासाठी. आजचा १८१ आणि दोन वर्षांनी घेतलेला १८१, सारखाच निळा.

तिथून मंगलदास मार्केटात शिरून पाच मीटर काळं वेल्वेट घेतलं. ("ड्रेस पीस?" "नाही काका, भिंतीला." काकांनी पुढे काही विचारलं नाही.) मग लोहार चाळ. मुंबईतल्या प्रत्येक स्विचचं, वायरचं आणि झुंबराचं माहेर! तिथे बल्बच्या खोक्यांवर केल्विनचे आकडे वाचत फिरायला मला जाम मजा येते. ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आकडा वाढला की उजेड 'थंड' होतो. ऐकायला उलटं वाटतं, पण लोखंड तापवलं की आधी लाल होतं आणि आणखी तापलं की पांढरं, हे आठवलं की पटतं.

आणि या आकड्यांवरून मुंबईकर भांडतातसुद्धा! २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. राणीच्या नेकलेसमधलं सोनं गेलं म्हणून राजकारणही तापलं. शेवटी पिवळसर छटा परत आणावी लागली. उजेडाचा रंग ही फोटोग्राफरचीच चैन आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला हा किस्सा ऐकवायचा.

तासाला इतके, लाइटदादा धरून

रविवारी अंधेरी. पश्चिमेला लिंक रोडच्या आत जुन्या इंडस्ट्रियल इस्टेट आहेत. बाहेरून बघाल तर लोखंडी जाळीची लिफ्ट, जिन्यात खोक्यांचे ढीग, कुठेतरी चाललेला कटिंग मशीनचा आवाज. आणि मध्येच एका दारामागे भाड्याचा स्टुडिओ. तासाच्या हिशोबाने मिळतो. भाड्यात लाइट्स, स्टॅण्ड, एसी आणि एक लाइटदादा. फोटोग्राफीचं पुस्तक घ्यायचं की दादा असलेला स्टुडिओ, असा प्रश्न पडला तर डोळे मिटून दादा निवडा.

आमचे दादा मूळचे राजापूरकडचे. पंचवीस वर्षं सिनेमाच्या सेटवर लाइट उचलले, आता पाठ धरते म्हणून इथे. मी उत्साहाने चारही शीट टेबलावर मांडल्या. दादांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. भिंतीपाशी गेले आणि सगळे दिवे बंद केले.

"आधी काळोख बघून घ्या," ते म्हणाले. "यात आपण कायकाय टाकणार ते मग ठरवू."

दाराच्या फटीतून कॉरिडॉरचा उजेड येत होता. त्यांनी ती फट काळ्या कापडाने बंद केली. एसीचा हिरवा दिवा होता, त्यावर टेप लावली. रंगीत लायटिंगमध्ये पांढरा उजेड हा पाण्यासारखा. सरबतात चुकून पेलाभर पाणी पडावं तसा रंग पातळ करून टाकतो. म्हणून ज्या भिंतीवर रंग हवा, तिथे चेहऱ्यासाठी लावलेला उजेड पोचता कामा नये. त्यासाठी माणसाला भिंतीपासून आठ-दहा फूट पुढे आणायचं. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, पावपट होतो. चेहऱ्याच्या लाइटने भिंतीपर्यंत जायच्या आतच दम टाकलेला असतो.

मग दादांनी पांढऱ्या भिंतीसमोर तीन एलईडी ओळीने लावले. एक लाल, एक हिरवा, एक निळा. तिघांचे उजेड भिंतीवर एकमेकांवर आणले आणि एकेकाची ताकद कमी-जास्त करत गेले. भिंत आधी गुलबट, मग पोपटी झाली, आणि मग... पांढरी! तीन रंगीत दिव्यांसमोर साधी पांढरी भिंत. ताईने हात मध्ये धरला आणि आम्ही दोघी ओरडलोच. भिंतीवर तिच्या हाताच्या तीन सावल्या पडल्या होत्या आणि एकही काळी नव्हती. एक आकाशी, एक राणी, एक पिवळी. जिथे लाल अडला तिथे हिरवा आणि निळा मिळून आकाशी. हिरवा अडला तिथे राणी. निळा अडला तिथे पिवळा. सावल्या एकमेकींवर चढल्या तिथे मात्र लखलखीत लाल, हिरवा, निळा.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोकांना जवळपास हेच दाखवलं होतं. एका रंगीत रिबिनीचे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेले तीन फोटो, त्याच तीन रंगांच्या उजेडाने पडद्यावर एकावर एक टाकले. रंगीत फोटोची सुरुवात तिथे मानतात. आपल्या फोनचा स्क्रीनही भिंगातून बघितलात तर हेच तीन ठिपके.

"चला, आता बसा ताई," दादा म्हणाले.

ताईने येताना दोन कपडे आणले होते, एक आंबा रंगाची साडी आणि एक मोरपंखी कुर्ता. आधी साडी. मी म्हटलं, सुरुवात फुल फिल्मी करू. एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने लाल. आणि इथे भौतिकशास्त्राने अशी काही धमाल उडवली की सांगते काय! निळ्या बाजूला आंबा साडीचा कोळसा झाला. बरोबरच आहे, पिवळा रंग निळा उजेड गिळून टाकतो, परत काही पाठवतच नाही. आणि लाल बाजूला ताईची लाल टिकली गायब! लाल उजेडात कपाळही लाल, टिकलीही लाल, दोघांतला फरकच संपला. दादांनी गंमत म्हणून समोर फक्त निळा ठेवला, तर तीच टिकली काळीकुट्ट होऊन परत आली.

"अगं, ही टिकली आहे की रिमोटचं बटण?" ताई म्हणाली.

जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमांचे कॅमेरामन रंगीत फिल्टर लावून आकाश गडद आणि ढग पांढरे करायचे, ते याच हिशोबाने. कुठला रंग अडवायचा, एवढं ठरवायचं.

लॅपटॉपवर फोटो येत होते. लाल उजेडात एक खाच असते, ती दादांनी दाखवली. स्क्रीनवरचा एकत्र आलेख बघितला तर सगळं आलबेल वाटतं. लाल, हिरवा, निळा असे आलेख सुटे सुटे करून बघितले की कळतं की लाल पार टोकाला जाऊन आपटलाय आणि गालावरचे सगळे बारकावे त्यात बुडालेत. उपाय सोपा. रंगाचा लाइट कमी करायचा. गडद, भरलेला रंग हवा असेल तर उजेड वाढवायचा नसतो, थोडा उतरवायचा असतो. वाढवला की लालचा गुलाबी आणि गुलाबीचा पांढरा होत जातो.

फोटो बघून मी खूश होते. एकदम मॅगझिनच्या कव्हरसारखे! ताई मात्र गप्प झाली.

"मस्त आहे गं," ती म्हणाली. "पण यातही मी कुठे आहे? तिकडे गोरी केली, इकडे निळी केली."

स्टुडिओत एकदम शांतता. मुद्दा अगदी बरोबर होता. रंगीत लाइट लावला की त्वचेचा रंग विचारायचीच गरज राहत नाही. गोरी काय, सावळी काय, सगळे जांभळे. पुष्कळ जण तो वापरतातच त्यासाठी. लपायला बरा.

"दादा, निळा जरा कमी," ताई म्हणाली. "चेहऱ्यावरून काढाच."

दादांनी खांद्यावरचा नॅपकिन झटकला आणि सगळे लाइट पुन्हा बंद केले.

सीटीओचं काम

आता तो नारिंगी शीट. फुल सीटीओ. दादांनी चेहऱ्याच्या फ्लॅशला तो लावला, लहान सॉफ्टबॉक्सच्या आत, आणि मला म्हणाले, "कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ट्यूबवर नाही, फ्लॅशवर नाही, बल्बवर टाका. ३२००."

ही युक्ती ज्याने शोधली त्याला सलाम! फ्लॅशचा उजेड मुळात दिवसासारखा, साडेपाच हजार केल्विनच्या आसपास. सीटीओमधून गेला की बल्बसारखा पिवळा होतो. कॅमेऱ्याला आपण 'बल्बचा उजेड हाच पांढरा समज' असं सांगितलंय, म्हणून चेहरा अगदी जसा आहे तसा येतो. ना पिवळा, ना निळा. आणि मागच्या भिंतीवर जो साधा, बिनकागदाचा फ्लॅश आहे, तो कॅमेऱ्याला आता निळा दिसतो. जेल न लावता निळा! तोही डिस्कोचा नाही. पावसाळ्यात सातच्या सुमाराला गॅलरीत उभं राहिलं की दिसतो, तो निळा.

चेहऱ्याचा लाइट दादांनी समोरून काढून बाजूला, जरा वर नेला. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलऐवजी माझं मंगलदासचं वेल्वेट टांगलं, म्हणजे सावली सावलीच राहिली. मग हातातला मीटर ताईच्या हनुवटीपाशी धरला, तोंड लाइटकडे करून. हा मीटर चेहऱ्यावरून परत येणारा उजेड बघतच नाही. चेहऱ्यावर पडणारा उजेड मोजतो. समोर कोण बसलंय, गोरं की सावळं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याने दिलेला आकडा मी कॅमेऱ्यावर लावला आणि अर्धा स्टॉपही वाढवला नाही.

राहिला रंग. ताईचा 'गुलाबी-निळा' हट्ट होताच. दादांनी समुद्री हिरवट जेल एका लांबट लाइटला लावला आणि तो ताईच्या मागे, उजवीकडे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा उभा केला.

इथे मी सावळ्या त्वचेबद्दल जे शिकले, ते कुठल्या ब्युटी पानावर वाचलेलं नाही. त्वचेवरून उजेड दोन तऱ्हेने परत येतो. थोडा आत जाऊन, त्वचेचा रंग घेऊन येतो. थोडा वरच्या वर, आरशावरून यावा तसा घसरून येतो, आणि हा घसरलेला उजेड स्वतःचाच रंग ठेवतो. गोऱ्या त्वचेवर आतून येणारा उजेड इतका जास्त असतो की वरच्या चमकेचा रंग त्यात फिका पडतो. सावळ्या त्वचेवर ती चमक स्वच्छ, भरलेली दिसते. मागून टाकलेला हिरवा ताईच्या गालाच्या कडेवर, मानेच्या वळणावर, कानाच्या पाळीवर असा काही उतरला की दादाही एक पाऊल मागे आले. मोरपंखी कुर्त्यावर तो आणखी फुलला. आणि चेहऱ्याचा मधला भाग, डोळे, कपाळ, हसू, सगळं तिच्या रंगाचं. आमच्या घरच्या तांब्याच्या घंगाळाला संध्याकाळी दिसतो, तसा तो रंग आहे. मी त्याला आजवर नाव दिलं नव्हतं.

"सेटवर आम्हाला सांगायचे, हिरॉइनला समोरून भरपूर मारा," दादा स्टॅण्डचा स्क्रू आवळत म्हणाले. "सावळी असली तर आणखी मारा. मी म्हणायचो, बाजूने मारून बघा ना साहेब. पण लाइटमनला कोण विचारतो."

पुढची चाळीस मिनिटं आम्ही काहीच बदललं नाही. फक्त ताई बदलत गेली. आधी ताठ बसली होती, मग दादांनी राजापूरच्या गंगेचा कुठलासा किस्सा काढला आणि ती तिचं ते भन्नाट हसू हसली. एकशे अठरा फोटो झाले. भाड्याचे तास संपायला अकरा मिनिटं उरली तेव्हा दादांनी वायरी गुंडाळायला घेतल्या.

ताईने तिथेच, जमिनीवर मांडी घालून, एक फोटो निवडला. मी सुचवलेला नाही. त्यात केसांची एक बट उडालेली आहे आणि हिरवा कडेपेक्षा जरा जास्त आत आलाय. तोच तिने, कुठलाही फिल्टर न लावता, स्टुडिओतूनच घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बायोडेटाला हाच जाईल.'

लिफ्टची जाळी ओढत होतो तेवढ्यात मावशीचा फोन आला. ताईने स्पीकरवर टाकला.

"बघितला फोटो," मावशी म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. कटिंग मशीन तेवढं चालू. "अगदी माझ्या आईसारखी दिसतेस गं त्यात. ती अशीच होती रंगाने. तिचा धड एक फोटो नाही आपल्याकडे, जे आहेत ते सगळे पावडर लावून काढलेले."

ताई काही बोलली नाही.

"आणि ते कानाजवळ हिरवं काय आलंय? ते पुसून घे म्हणावं."

"ते नाही पुसायचं," ताई म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं.